घारीपासून सुरुवात: शिकारी पक्षी ओळखण्याची रीत

पक्षीनिरीक्षणाच्या पहिल्या हिवाळ्यात आकाशात घिरट्या घालणारा प्रत्येक मोठा तपकिरी पक्षी गरुड वाटतो. दुसऱ्या हिवाळ्यात, थोडे सावध झाल्यावर, तेच सगळे पक्षी घारी वाटू लागतात. दोन्ही वेळा चूक एकच असते, ती म्हणजे आपण रंग पाहत असतो. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत रंग हा सर्वांत शेवटी विचारायचा प्रश्न आहे. डोक्यावरून जाणारा पक्षी उजळ आकाशासमोर काळाच दिसतो. एकाच जातीचा नर, मादी आणि वयात न आलेला पक्षी यांची पिसे इतकी निराळी असतात की ते तीन वेगळ्या जातींचे वाटावेत. मधुबाजासारख्या पक्ष्यात तर पूर्ण वाढलेले दोन पक्षीसुद्धा, एक जवळजवळ काळा आणि दुसरा फिकट पांढुरका, शेजारी शेजारी उडताना दिसू शकतात. पंखांची घडण, शेपटीची लांबी, डोक्याचे प्रमाण आणि उडण्याची ढब मात्र फारशी बदलत नाही. म्हणून ओळखीची सुरुवात तिथून करावी.

हा लेख महाराष्ट्रात आणि गोव्यात दिवसा दिसणाऱ्या शिकारी पक्ष्यांपुरता आहे. घुबडे आणि पिंगळे ओळखण्याची रीत वेगळी आहे, कारण तिथे आवाजाला फार महत्त्व असते.

पहिली पायरी: महिनाभर फक्त घार पाहा

हा सल्ला ऐकून अनेकांचा हिरमोड होतो, पण यापेक्षा उपयोगी सल्ला माझ्यापाशी नाही. घार आपल्या प्रत्येक गावात आणि शहरात आहे, ती दिवसभर दिसते, माणसाला फारशी बुजत नाही आणि तिचा आकार मधला आहे. त्यामुळे इतर सर्व शिकारी पक्षी मोजायला ती उत्तम मोजपट्टी ठरते. चोचीपासून शेपटीपर्यंत तिची लांबी सुमारे ६० सेंटिमीटर आणि पंखांचा विस्तार दीड मीटरच्या आसपास असतो.

गच्चीवर उभे राहून, दुर्बीण न लावता, एकच घार पाच मिनिटे पाहत राहावे. तिचे पंख मनगटाच्या सांध्यात किंचित मागे वळलेले दिसतात, त्यामुळे ती कधीच फळीसारखी सरळ वाटत नाही. पंखांखाली टोकांच्या अलीकडे एक फिकट डाग असतो. शेपटीला मध्यभागी उथळ खाच असते आणि पुस्तकात घारीची हीच खूण ठळकपणे दिलेली असते, पण ती नेहमी दिसेल या भरवशावर राहू नये. घार वळताना शेपटी पूर्ण पसरते, तेव्हा ती खाच नाहीशी होऊन शेपटी त्रिकोणी पंख्यासारखी दिसते, आणि पिसे झिजली किंवा गळाली असली तरीही खाच सापडत नाही. खाचेपेक्षा खात्रीची खूण म्हणजे त्या शेपटीची हालचाल. नावाडी सुकाणू वळवतो तशी घार आपली शेपटी सतत डावीउजवीकडे पिळत असते. दुसऱ्या कोणत्याही मोठ्या शिकारी पक्ष्यात ही सवय इतकी ठळक नसते. तारांच्या जंजाळातून किंवा मासळी बाजारावरून जाणाऱ्या घारीची शेपटी क्षणभरही स्थिर नसते.

घार पाठ झाली, की आकाशातल्या प्रत्येक पक्ष्याविषयी पहिला प्रश्न आपोआप सुचतो: हा घारीपेक्षा वेगळा आहे का, आणि असेल तर कशात? पंख घारीपेक्षा रुंद आहेत की अरुंद? शेपटी तोकडी आहे की लांब? डोके जास्त पुढे आले आहे का? पंख सपाट धरले आहेत की वर उचललेले? शिकारी पक्ष्यांची निम्मी ओळख या तुलनेतच होऊन जाते.

दुसरी पायरी: जागा, महिना आणि घड्याळ

पक्षी पाहण्याआधी आपण कुठे उभे आहोत हे पाहावे, कारण प्रत्येक अधिवासाची स्वतःची यादी असते. पुणे जिल्ह्यातील सुपे, मयुरेश्वर अभयारण्य आणि इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी, किंवा सोलापूरजवळचे नान्नज, अशा माळरानांवर भोवत्या (हॅरियर), कापशी, खरूची (केस्ट्रेल), सापमार गरुड आणि तिसा (पांढऱ्या डोळ्यांचा बाज) यांची अपेक्षा धरावी. उजनीच्या जलाशयावर भिगवणला किंवा नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरला दलदली भोवत्या आणि मासे पकडणारा ऑस्प्रे भेटतात. महाबळेश्वर, भीमाशंकर, आंबोली इथल्या दाट रानांवर तुरेवाला सर्पगरुड आणि काळा गरुड फिरतात, तर कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यावर ब्राह्मणी घार आणि समुद्रगरुड असतात. दाट रानावर भोवत्या दिसल्याचे किंवा उघड्या माळावर काळा गरुड दिसल्याचे वाटले, तर तसे होणारच नाही असे नाही, पण आपण पुन्हा एकदा नीट पाहावे.

महिन्यालाही तितकेच महत्त्व आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मध्य आशियातून आणि उत्तरेकडून पाहुणे येऊ लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. भोवत्यांच्या नेहमी दिसणाऱ्या जाती, स्टेपी गरुड आणि ऑस्प्रे हे आपल्याकडे हिवाळ्याचेच पक्षी आहेत. जूनमध्ये माळावर भोवत्या दिसल्याची नोंद करावीशी वाटली, तर आधी तो दुसरा कोणता पक्षी नव्हता ना, याची खात्री करावी.

दिवसाची वेळ तर हातातच असते. मोठे पंख असलेले पक्षी सकाळी लवकर उडत नाहीत, कारण त्यांना तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेचा आधार लागतो. साधारण साडेनऊ ते साडेअकरा या वेळात गरुड आणि गिधाडे झाडांवरून आणि कड्यांवरून उठून घिरट्या घेत वर चढतात, आणि तेव्हा ती अजून खाली असल्यामुळे नीट दिसतात. दुपारी ती ठिपक्याएवढी होतात. त्याउलट भोवत्या आणि कापशी यांच्यासाठी पहाट आणि संध्याकाळ उत्तम. खांबावर किंवा बाभळीच्या शेंड्यावर बसलेला पक्षी निवांत पाहायचा असेल, तर सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासासारखी वेळ नाही.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरते. दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण जास्त चांगली असा समज आहे, पण तिच्यात हात हलला की चित्र अधिक हलते आणि एका वेळी दिसणारे आकाशही कमी असते. वेगाने जाणाऱ्या शिकारी पक्ष्यासाठी हा तोटा मोठा आहे.

तिसरी पायरी: बाह्याकृतीचे चार साचे

पक्षी काळा दिसत असला तरी त्याची बाह्याकृती कोणता ना कोणता साचा दाखवतेच.

पहिला साचा गरुड आणि गिधाडे यांचा. लांब, रुंद पंख आणि पंखांच्या टोकाची पिसे हाताच्या बोटांसारखी फाकलेली. गिधाडाचे डोके इतके छोटे आणि आखडलेले असते की पुढून पक्षी जणू कापल्यासारखा वाटतो, तर गरुडाचे डोके ठसठशीत पुढे आलेले असते. दुसरा साचा शिक्र्याचा. आखूड, गोलसर पंख आणि लांब शेपटी, म्हणजे झाडांच्या फांद्यांमधून वळणे घेत पाठलाग करण्यासाठी योग्य अशी बांधणी. तिसरा साचा ससाण्यांचा. पंख कोयत्यासारखे अरुंद, टोकाकडे निमुळते, बोटे अजिबात न फाकलेली. चौथा साचा भोवत्यांचा. लांब व अरुंद पंख, लांब शेपटी, हलके अंग, आणि तरंगताना पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचललेले.

घार या चारही साच्यांच्या मधोमध पडते, आणि मोजपट्टी म्हणून ती उपयोगी ठरण्याचे हेही एक कारण आहे.

आकारमान ठरवताना मात्र फार जपून असावे. मोकळ्या आकाशात अंतर कळत नाही, म्हणून लहान पक्षी जवळ असला की मोठा वाटतो. आकारमान तेव्हाच नोंदवावे जेव्हा शेजारी ओळखीचा पक्षी असेल. कावळे शिकारी पक्ष्यांना हाकलायला धावतात, आणि कावळा त्याच्या मागे लागला की मोजमाप आयतेच मिळते. शिक्रा कावळ्याहून लहान, साधारण पारव्याएवढा. घार कावळ्याच्या दीडपट. गरुडामागे लागलेला कावळा अगदीच किरकोळ दिसतो. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी की बहुतेक शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते, आणि शिक्र्यासारख्या पक्ष्यात हा फरक जोडी शेजारी बसलेली असताना सहज जाणवतो.

चौथी पायरी: उडण्याची ढब

हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबणारा पक्षी दिसला, तर यादी एकदम छोटी होते. माळरानावर असे थांबणारे मुख्यतः तीन पक्षी आहेत आणि त्यांत गल्लत होण्याचे कारण नाही. खरूची विटकरी पाठीची, टोकदार पंखांची आणि लांब शेपटीची असते. ती वाऱ्याकडे तोंड करून शेपटी पंख्यासारखी पसरते आणि डोके इतके स्थिर ठेवते की जणू ते खिळ्याने ठोकले आहे. त्या पसरलेल्या शेपटीच्या टोकाशी रुंद काळा पट्टा दिसतो. कापशी राखी-पांढरी, खांद्यावर काळे डाग असलेली आणि लाल डोळ्यांची असते. ती पंख उंच उचलून पाय लोंबकळत ठेवते आणि टप्प्याटप्प्याने खाली उतरत उंदरावर पडते. तिसरा सापमार गरुड, आणि तो या दोघींपेक्षा कितीतरी मोठा, घारीहूनही दणकट असतो. इतका मोठा, खालून पांढुरका पक्षी माळावर हवेत थांबलेला दिसला, की बहुतेक निर्णय झालाच. पाण्यावर मात्र असा थांबणारा पक्षी ऑस्प्रे असू शकतो, आणि काळा-पांढरा लहान पक्षी असेल तर तो शिकारी पक्षी नसून कवड्या खंड्या असतो.

भोवत्यांची ढब एकदा पाहिली की विसरत नाही. शेतकरी शेतात तास धरून चालतो तसा भोवत्या गवतावरून चारपाच फूट उंचीने एका रेषेत जातो, वळतो आणि परत येतो. मधेच थबकून तो मागे वळून गवतात कोसळतो. चार-पाच फडफडी आणि मग पंख उचलून तरंगणे, असा त्याचा ताल असतो. रात्री भोवत्या झाडावर न जाता गवतात, जमिनीवरच मुक्काम करतात, आणि गुजरातमधील वेळावदरचे काळवीट राष्ट्रीय उद्यान त्यांच्या अशा सामूहिक मुक्कामासाठी जगात प्रसिद्ध आहे. म्हणून माळावर रात्री गाड्या घालणे किंवा गवत पेटवणे त्यांच्यासाठी घातक असते.

भोवत्याच्या जाती ओळखताना नरांपासून सुरुवात करावी. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर राखाडी, पंखांची टोके काळी आणि पंखाच्या वरच्या बाजूला मधोमध एक काळी रेघ. पांढुरक्या भोवत्याचा नर त्याहून फिकट, जवळजवळ पांढरा, पंखाच्या टोकाशी काळ्या रंगाची फक्त एक पाचर आणि ती रेघ नाही. या दोघांच्या माद्या तपकिरी असून त्यांच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो. त्यांच्यातील फरक मानेभोवतीच्या फिकट कंठपट्ट्यावर ठरतो. पांढुरक्या भोवत्याच्या मादीत तो पट्टा आणि त्यामागची गडद मान जास्त उठून दिसते, पण चांगल्या उजेडात आणि जवळून पाहिल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये. दलदली भोवत्याची मादी गडद तपकिरी, डोके साईच्या रंगाचे, आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा नाही. तिला घार समजण्याची चूक पाणथळीवर वारंवार होते. घारीने पंख वर उचललेले नसतात आणि भोवत्याच्या शेपटीला खाच नसते, एवढे दोन मुद्दे तिथे पुरतात.

शिक्रा, आणि शिक्र्यासारखा दिसणारा पावशा

शिक्रा आपल्या अंगणातला शिकारी पक्षी आहे. शाळेच्या आवारातल्या कडुनिंबावर किंवा सोसायटीतल्या गुलमोहरावरही तो घरटे करतो, सरडे, उंदीर आणि लहान पक्षी पकडतो. तो बहुधा दिसण्याआधी कळतो. बागेत अचानक शांतता पसरते, खार शेपटी झटकत एकसुरी चिटचिट लावते, बुलबुल झुडपात दडतात. अशा वेळी आकाशाकडे न पाहता दाट फांद्यांच्या आतल्या बाजूला, बुंध्याजवळ पाहावे. वयात आलेल्या नराची पाठ निळसर राखाडी, डोळे लाल, छातीवर आडव्या तांबूस बारीक रेघा आणि गळ्यावर मधोमध एक पुसट उभी रेघ असते. मादीचे डोळे पिवळे-नारिंगी आणि पाठ थोडी तपकिरी. वयात न आलेल्या पक्ष्याच्या छातीवर आडव्या रेघांऐवजी उभे ठिपके असतात.

पावशा हा कोकिळेच्या कुळातला पक्षी आहे, आणि त्याचे रूप शिक्र्याशी इतके जुळते की लहान पक्षीही फसून त्याच्यावर चाल करून जातात. माझ्या जुन्या वहीत एप्रिलमधील एका सकाळची नोंद आहे, त्यात मी एका शेताच्या बांधावरच्या आंब्यावर बसलेला पक्षी शिक्रा म्हणून लिहिला आणि खाली छातीचा रंग, शेपटीवरचे पट्टे, सगळे व्यवस्थित नोंदवले. दहा मिनिटांनी त्याच फांदीवरून ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असा चढत जाणारा आवाज आला. त्या नोंदीतला एकही तपशील खोटा नव्हता. मी चोच आणि पाय पाहिलेच नव्हते. शिक्र्याची चोच आखूड आणि मुळापासूनच आकड्यासारखी वळलेली असते, पावशाची बारीक आणि बरीचशी सरळ. शिक्रा ताठ, उभा बसतो आणि त्याचे पिवळे पाय लांब व भक्कम दिसतात. पावशा आडवा बसतो, पंख शेपटीच्या दोन्ही बाजूंना ढिले सोडतो आणि पाय जवळजवळ दिसत नाहीत. त्याच्या डोळ्याभोवती पिवळे कडेही असते. बसलेल्या शिकारी पक्ष्याची नोंद करताना चोच आणि पंजे यांच्यासाठी वेगळी ओळ ठेवण्याची सवय मला त्या दिवसापासून लागली.

सह्याद्रीवरचे गरुड

घाटमाथ्यावर सकाळी दहाच्या सुमारास आकाशातून मोठी, लांबवर जाणारी शीळ ऐकू आली, की तो बहुतेक तुरेवाला सर्पगरुड असतो. पंख रुंद व गोलसर असतात. पंखांच्या खाली मागच्या कडेने काळी किनार आणि तिच्या आत रुंद पांढरा पट्टा जातो, आणि शेपटीवरही तसाच एक पांढरा पट्टा असतो. ही नक्षी खूप उंचावरूनही दिसते. बसलेला असला की चेहऱ्यावरची पिवळी कातडी आणि अंगावरचे पांढरे ठिपके पाहावेत.

मोरघार हाही तुऱ्याचा पक्षी आहे, पण तिचा तुरा लांब आणि डोक्यावर उभा राहणारा असतो. नावात घार असली तरी ती गरुडांच्याच कुळातली आहे. बसलेल्या पक्ष्यात या दोघांना वेगळे करणारी पक्की खूण पायांवर आहे. मोरघारीच्या पायांवर बोटांपर्यंत पिसे असतात, सर्पगरुडाचे पाय उघडे, खवलेदार आणि पिवळे असतात. पिसांचे पाय हे खऱ्या गरुडांचे लक्षण आहे. साप पकडणाऱ्यांचे पाय उघडे असतात आणि त्यांच्या जाड खवल्यांचा दंशापासून बचावासाठी उपयोग होतो.

काळा गरुड ओळखायला सर्वांत सोपा आणि पाहायला सर्वांत देखणा, असे मी निःसंकोच म्हणेन. पूर्ण काळा पक्षी, पिवळे पंजे, अंगाजवळ अरुंद होत गेलेले लांब पंख आणि बोटे खूपच फाकलेली. तो दरीतल्या झाडांच्या शेंड्यांना लागून इतक्या सावकाश तरंगतो की आता पडेल असे वाटावे. पक्ष्यांची घरटी तो याच रीतीने हेरतो. बोनेलीचा गरुड उघड्या कड्यांच्या आसपास जोडीने दिसतो. त्याचे पोट पांढरे, पंखांच्या खाली आडवा गडद पट्टा आणि पाठीवर पांढरा डाग असतो. मधुबाजाला मात्र रंगावरून ओळखण्याचा प्रयत्नच करू नये. लांब मान, कबुतरासारखे छोटे डोके आणि पट्ट्यांची लांब शेपटी एवढेच पाहावे.

माळावर आणि पाणथळीवर दिसणाऱ्या मोठ्या तपकिरी गरुडांविषयी थोडे कठोर राहावे लागते. पिंगट गरुड, स्टेपी गरुड आणि मोठा ठिपकेदार गरुड या तिघांची वयानुसार इतकी रूपे आहेत की दुरून पाहून जात ठरवणे धोक्याचे. बसलेला पक्षी जवळून दिसला, तर जबड्याची पिवळी रेघ पाहावी. स्टेपी गरुडात ती डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते, पिंगट गरुडात डोळ्याच्या मध्यापर्यंत थांबते. वयात न आलेल्या स्टेपी गरुडाच्या पंखाखाली लांबच लांब पांढरा पट्टा असतो. यांपैकी काहीच दिसले नाही तर ‘तपकिरी गरुड, जात अनिश्चित’ असे लिहावे. ही नोंद चुकीच्या नावापेक्षा अभ्यासाला जास्त उपयोगी पडते.

किनारा

हर्णे किंवा मालवणच्या बंदरावर मासळीची होडी लागली, की ब्राह्मणी घारी खाली उतरतात. पांढरे डोके, पांढरी छाती आणि बाकी अंग विटेसारखे तांबडे, त्यामुळे वयात आलेला पक्षी कुणालाही ओळखता येतो. अडचण तिच्या पिल्लांची असते, कारण ती तपकिरी असून घारीसारखी दिसतात. तिथे शेपटी पाहावी. ब्राह्मणी घारीची शेपटी गोल असते, तिला खाच नसते, आणि ती साध्या घारीपेक्षा लहान व आटोपशीर असते. समुद्रगरुड या दोघींपेक्षा बराच मोठा, खालून पांढरा, पंखांची मागची बाजू राखाडी-काळी आणि शेपटी आखूड, पाचरीसारखी असते. तो पंख भोवत्यासारखे वर उचलून तरंगतो, पण त्याच्या रुंदीमुळे गोंधळ होत नाही.

ससाणे

ससाण्यांच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा एक टोकदार उंचवटा असतो आणि ते त्याने भक्ष्याची मान तोडतात. शिक्रा किंवा गरुड पंजांनी मारतात. जनुकीय अभ्यासातून असेही दिसले आहे की ससाणे हे शिक्रा-गरुडांपेक्षा पोपटांना अधिक जवळचे आहेत. म्हणजे दोघांत दिसणारे साम्य नात्यामुळे नसून सारख्या धंद्यामुळे आले आहे.

शाही ससाणा किल्ल्यांच्या कड्यांवर बारमाही राहतो. डोके काळे, गालांवर मिशांसारखे काळे पट्टे आणि पोट तांबूस असते. बहिरी ससाणा हिवाळ्यात येतो, त्याचे पोट फिकट आणि आडव्या रेघांचे असते. भक्ष्यावर सूर मारताना या जातीचा वेग ताशी ३०० किलोमीटरहून अधिक होतो. तुरमती लहान, तांबूस डोक्याची, आणि बहुधा जोडीने शिकार करते. पहाटे किंवा सांजवेळी माळावरच्या एकाकी माडावर किंवा वीजवाहक मनोऱ्यावर तिला शोधावे. नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या परिसरात अमूर ससाणे थांबतात. नराचे अंग पाटीच्या रंगाचे, पंखांची आतली बाजू पांढरी आणि पाय लाल असतात. नागालँडमधील दोयांग जलाशयाजवळ २०१२ साली त्यांची प्रचंड प्रमाणावर हत्या होत असल्याचे उघड झाले, आणि तिथल्या गावांनी पुढच्याच वर्षी ती थांबवली. अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जाण्यापूर्वी आपल्या घाटावर वाळवीचे पंखवाले किडे आणि चतुर खात असलेले हे पक्षी त्या वाटेचे प्रवासी आहेत.

गिधाडे

पूर्वी गावाबाहेर मेलेल्या जनावरावर गिधाडांची झुंबड हे नेहमीचे दृश्य होते. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरले, हे २००४ साली सिद्ध झाले, आणि भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ साली बंदी आली. आज गिधाड दिसणे ही बातमी आहे, म्हणून ते अचूक ओळखणे महत्त्वाचे. पांढऱ्या पाठीचे गिधाड काळपट असते, पण पंखांची आतली पुढची बाजू पांढरी आणि उडताना वरून पाहिले तर कंबर पांढरी दिसते. लांब चोचीचे गिधाड फिकट तपकिरी असून कड्यांवर घरटे करते. रायगड जिल्ह्यातील चिरगाव परिसर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांसाठी ओळखला जातो. इजिप्शियन गिधाड या दोघांहून खूपच लहान, साधारण घारीएवढे, पांढऱ्या अंगाचे, पंखांच्या मागच्या बाजूला काळ्या पिसांचे, पिवळ्या चेहऱ्याचे आणि पाचरीसारख्या शेपटीचे असते. त्याची पिल्ले काळपट तपकिरी असतात. त्यांना घार समजू नये म्हणून पाचरीची शेपटी लक्षात ठेवावी.

नोंद आणि वागणूक

पक्षी दिसताच वही उघडू नये आणि कॅमेराही लावू नये. आधी तो दिसेनासा होईपर्यंत पाहावे, आणि मग लगेच, पुस्तक न चाळता, पाहिलेले लिहावे. पुस्तक आधी उघडले, तर आठवण चित्राप्रमाणे बदलते. छायाचित्र काढायचे असेल, तर आकाशासमोरच्या पक्ष्यासाठी उजेडाची मात्रा एक-दीड पायरीने वाढवावी, म्हणजे पंखांखालची नक्षी काळी पडत नाही. नोंदी ई-बर्डसारख्या संकेतस्थळावर टाकताना घरट्याची जागा मात्र उघड करू नये. घरट्यावर बसलेल्या पक्ष्याचे जवळून छायाचित्र काढणे पूर्णपणे टाळावे, कारण भर उन्हात मादी उठली तर अंडी किंवा पिल्ले तापून मरतात. संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात अडकलेली घार किंवा जखमी शिक्रा सापडला, तर सुती कापडाने डोके झाकून, पंजांपासून हात दूर ठेवून, त्याला हवेशीर खोक्यात अंधारात ठेवावे, पाणी पाजू नये आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. हे सर्व पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे बरे करण्याच्या हेतूनेही त्यांना घरी ठेवता येत नाही.

डिसेंबरमधील एका सकाळची नोंद वहीतून जशीच्या तशी देतो, कारण वरच्या सगळ्या पायऱ्या तिच्यात आहेत. ‘कडबनवाडी, सकाळी ९.४०, ऊन स्वच्छ, वारा मंद. मोठा पक्षी हवेत एका जागी थांबलेला. शेजारून घार गेली, हा तिच्यापेक्षा मोठा, पंख रुंद. डोके मोठे, घुबडासारखे गोल. खालून पांढुरका, गळा व छाती तपकिरी, पंखांखाली बारीक आडव्या रेघा. शेपटीवर तीन पट्टे, खाच नाही. दोनदा खाली उतरून पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा पाय पुढे करून गवतात पडला, अर्ध्या मिनिटाने वर आला तेव्हा चोचीतून सापाची शेपूट वीतभर लोंबत होती, आणि उडता उडता ती आत आत जात होती. पायांवर पिसे नाहीत. सापमार गरुड. नर की मादी, कळले नाही.’